डबा शून्य म्हणाला

१

गुन्हेगार सापडला, सगळ्यांच्या देखत पकडला गेला, आणि पुढे त्याला बढती मिळाली.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही घडलेलंच नाही. अजून कुणी सापडलेलं नाही, कुणाला बढती नाही, आणि आम्ही सगळे शाळेच्या प्रयोगशाळेत एका काळ्या डब्याभोवती उभे आहोत. समितीच्या बाई मल्टिमीटरमध्ये डोकावताहेत.

"डिस्टिल्ड वॉटरचा आकडा आणि नळाच्या पाण्याचा आकडा, दोन्ही सारखेच," त्या म्हणाल्या. "फरक शून्य. म्हणजे नळाचं पाणी स्वच्छ."

ताईने हातातली परीक्षानळी उजेडासमोर धरली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, या शाळेची रसायनशास्त्राची शिक्षिका. मी तिचा प्रयोगशाळा सहायक. घरी ती मला ताट उचल म्हणते, शाळेत नळ्या उचल म्हणते. शाळेत 'कृपया' लावते, तेही कुणी बघत असेल तर.

आणि डबा म्हणजे साबणाचा प्लास्टिकचा डबा, आतून-बाहेरून काळा रंगवलेला. एका भिंतीला हिरवा एलईडी बल्ब, समोरच्या भिंतीला प्रकाश ओळखून मल्टिमीटरवर आकडा देणारा सेन्सर, मध्ये परीक्षानळी. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात विषारी क्रोमियम असेल तर ते जांभळं होतं, आणि जांभळं पाणी हिरवा प्रकाश अडवतं. पलीकडे जितका कमी प्रकाश पोचेल, तितकं पाणी वाईट. हेच काम करणारं यंत्र बाजारात मिळतं, पण ते घ्यायचं तर आधी शाळा विकावी लागेल, आणि मग ते ठेवायला जागा उरणार नाही. ताईचा डबा मुलं वर्गात बसून स्वतः बनवतात.

बनवतात तिथवर सगळ्यांना कौतुक होतं. मग मुलांनी तो वापरला. आसपासच्या सगळ्या नळांचं पाणी तपासलं, आणि सगळ्यांत वाईट निघालं ते शाळेच्याच आवारातल्या नळाचं. शाळेच्या भिंतीला लागून नळांना क्रोमियमची चकाकी चढवणारा कारखाना आहे. त्यांचे नळ फार सुंदर दिसतात. आमचा बिघडला.

म्हणून शिक्षण खात्याची समिती आली होती. डबा खरा ठरला तर नळ बंद होणार आणि प्रयोगशाळा चालू राहणार. खोटा ठरला तर नळ चालू राहणार आणि प्रयोगशाळा बंद होणार. मुलं काय पिणार, हे एका साबणाच्या डब्यावर ठरणार होतं.

"बाई, या नळीत बघा," ताई म्हणाली. "जांभळी झाक आहे."

झाक होती. पण इतकी फिकी, की ज्याला बघायची नाही त्याला दिसत नाही.

"सकाळी मी स्वतः क्रोमियम घालून केलेलं पाणी तपासलं होतं. आकडा बरोबर आला होता. आत्ता परत तपासते, मग कळेल डबा..."

"पुरे," मोठे सर म्हणाले आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. "हे मी माझ्या केबिनमध्ये सुरक्षित ठेवतो."

"केबिनमध्ये नाही," समितीच्या बाई म्हणाल्या. "इथल्याच कपाटात. कुलूप, वर कागदी पट्टी, पट्टीवर सगळ्यांच्या सह्या. उद्या बैठकीत निर्णय."

मोठे सर ताईकडे वळले. "मॅडम, डबा चुकला असं उद्यापर्यंत लिहून द्या. विषय संपला."

"डबा चुकला नाही सर, पाणी चुकलंय," ताई म्हणाली. "पाण्याकडून लिहून घ्या."

२

ताईने तसं काही लिहून दिलं नाही. तिने मावशीला फोन केला.

मावशी विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचं गोदाम जळालं की मावशी राखेत छत्रीचं टोक फिरवते आणि विचारते, "एवढा माल जळाला म्हणता, मग राख कुठे गेली? फिरायला?" घरात कुणी डोकं दुखतंय म्हणालं तरी ती आधी 'कधीपासून' आणि मग 'साक्षीदार कोण' विचारते. रसायनशास्त्र तिला अजिबात येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शाळेत हजर झाली. समितीच्या बाईंना फोनवर तिने एकच वाक्य ऐकवलं होतं: "वस्तू उघडून न बघता दावा फेटाळणं आमच्याकडे बेकायदा असतं, तुमच्याकडे काय पद्धत आहे?" बाई रिक्षाने आल्या.

पट्टी शाबूत होती. कपाट उघडलं, डबा टेबलावर आला. ताईने झाकण काढून बटण दाबलं.

डबा लाल झाला.

"हिरवा म्हणाली होतीस ना गं?" मावशीने विचारलं.

ताई वाकून बल्ब बघत होती, म्हणून मी बोललो. "हा बल्ब बदललाय. बंद असताना सगळे बल्ब सारखेच दिसतात, काच पाण्यासारखी असते. पेटवल्यावरच रंग कळतो. आणि वापरताना झाकण लावलेलं असतं."

"मग लाल असला तर काय बिघडतं?"

"जांभळं पाणी लाल प्रकाश जवळजवळ अडवतच नाही," ताई म्हणाली. "कितीही विष घाला, हा डबा शून्यच म्हणणार."

मावशीने डब्यात नाक घातलं. बल्बच्या भोवती काळ्या कागदाची एक कॉलर असते, बाजूने प्रकाश सांडू नये म्हणून. तिच्या कडा कात्रीने कापून पाकळ्या करतात आणि त्या दुमडतात. बल्ब बदलला की कॉलर फाटते, नवी करावी लागते. ही कॉलर कोरी होती, तिच्या पाकळ्या फुलासारख्या बाहेर दुमडलेल्या होत्या.

"चोर टापटिपीचा आहे," मावशी म्हणाली.

समितीच्या बाईंनी हाताची घडी घातली. "किंवा चोरीण. मॅडम, प्रयोग फसला तर सबब असावी म्हणून तुम्हीच बल्ब बदलला नाहीत कशावरून? असले लाल बल्ब इथे तुमच्याच खणात असतात, डबा तुमचा, अक्कल तुमची. संध्याकाळी बैठक आहे. तोवर दुसरं नाव सांगा. नाहीतर तुमचंच नाव लिहिते, आणि प्रयोगशाळेला कुलूप."

"लिहा की," ताई म्हणाली. "पण लिहिताना आवारातल्या नळाचं पाणी पीत लिहा. म्हणजे मनापासून लिहिल्यासारखं होईल."

मी ताईच्या पायावर पाय दिला. तिने माझ्या पायावर परत दिला, जोरात.

३

काल सकाळच्या तपासणीनंतर ताई समितीला घ्यायला फाटकापाशी गेली होती. मी मोठ्या सरांच्या हुकमावरून सभागृहातून खुर्च्या वाहत होतो. मुलांना सुट्टी दिली होती, कारण मुलं समितीसमोर खरं बोलतात. त्या वेळात प्रयोगशाळेत चहा ठेवला होता, आणि चहाच्या निमित्ताने तीन माणसं आळीपाळीने तिथे एकटी होती. तिघांचीही बढती कुठे ना कुठे अडकलेली होती.

पहिले फ्यूज सर. हे भौतिकशास्त्र शिकवतात. शाळेतली वीज गेली की सगळे त्यांच्याकडे बघतात, कारण बहुतेक वेळा त्यांनीच घालवलेली असते. डब्याची वायरिंग त्यांची.

"माझ्यावर संशय?" ते भडकले. "अहो, पहिला डबा मी माझ्या हाताने बनवलाय! कालचा तोच होता. आणि नाव कुणाचं? हिचं! पेपरात फोटो कुणाचा? हिचा! माझा कोपर आला होता फोटोत!"

"म्हणजे राग आहे," मावशी समाधानाने म्हणाली.

"आहेच! पण मला डबा पाडायचा असता तर एक वायर उपटली असती. लाल बल्ब लावत बसलो नसतो."

"वायर उपटली तर डबा बंद पडतो. मग ही पोरगी तिथल्या तिथे दुरुस्त करते. बंद डब्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण शून्य म्हणणाऱ्या डब्यावर ठेवतात. ज्याने केलं त्याला डबा जिवंत हवा होता. जिवंत आणि खोटारडा." मावशीने कात्री आणि काळा कागद पुढे सरकवला. "एक कॉलर करून दाखवा."

फ्यूज सरांनी बोलता बोलता कॉलर केली, पाकळ्या आत दुमडल्या आणि टेबलावर आपटली. "ही घ्या. माझ्या डब्यात कॉलर अशीच असते. तपासा!"

मावशीने ती पर्समध्ये टाकली.

दुसरे टायवाले. हे मोठ्या कंपनीची महाग यंत्रं विकतात आणि उन्हातही टाय सोडत नाहीत. डबा मान्य झाला तर त्यांच्या यंत्राकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

"मॅडमबद्दल मला फार आदर आहे," ते म्हणाले. "पण हा डबा म्हणजे खेळणं आहे. आमच्या यंत्राला पडदा आहे, प्रिंटर आहे, तीन वर्षांची हमी आहे."

"उघडून दाखवता का जरा? खेळणंच आहे म्हणता."

टायवाल्यांनी डबा हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. स्क्रू शोधले. "हे... याचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे?"

"साबणाचा डबा आहे," मी म्हणालो. "झाकण वर ओढायचं."

त्यांनी ओढलं. झाकण निघालं, टाय आत अडकला. मी आणि मावशीने मिळून त्यांना डब्यातून बाहेर काढलं.

तिसरे मोठे सर. केबिनमध्ये शिरलो तेव्हा ते शिपाईमामांना खुर्ची पुसायला शिकवत होते. "असं नाही, गोल नाही, उभं. पाठीकडून पायाकडे." मी दारात उभा होतो. "अहो सहायक, दाराला टेकू नका. वजन दोन्ही पायांवर." मी वजन वाटून घेतलं. मावशीने पाण्याचा पेला उचलला. "पेला खालून धरावा, बाई. कडेला बोटं लागत नाहीत."

"शाळेच्या नळाचं का हे?" मावशीने विचारलं.

"छे, छे. घरून आणतो मी."

मावशीने पेला खाली ठेवला, मधोमध खालून धरून. "काल तुम्ही डब्याजवळ होतात."

"चहा घेतला, गेलो. त्या डब्याला तोंड कुठे आणि बूड कुठे ते मला माहीत नाही. मी भाषेचा माणूस. गेल्या रविवारी मॅडमनी मुलांची कार्यशाळा घेतली, मागच्या बाकावर बसावं लागलं. पहिल्या वाक्यालाच झोप लागली. विचारा मुलांना, घोरत होतो."

ते खरं होतं. मी स्वतः ऐकलं होतं. मुलांनी तो आवाज पंपाचा समजून पाणी आलं का ते बघितलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मावशीने पर्समधून फ्यूज सरांची कॉलर काढली. "अगं, याच्या पाकळ्या आत आहेत. डब्यातल्या बाहेर होत्या. का गं?"

ताई चालता चालता थांबली.

"आत दुमडल्या की मुलांच्या हातून त्या बल्बसमोर येतात, प्रकाश अडतो. म्हणून मी पद्धत बदलली. बाहेर दुमडायला शिकवलं." मग ती हळू म्हणाली, "पण मावशी, ते मी फक्त गेल्या रविवारी शिकवलंय. आणि कालचा डबा जुना होता. काल सकाळी त्याच्या पाकळ्या आत होत्या."

"रविवारी तिथे कोण होतं?"

"मुलं. त्यांना काल सुट्टी होती. मी." ताईने माझ्याकडे बघितलं. "हा."

मावशीनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत मी जळालेलं गोदाम होतो.

"मी खुर्च्या वाहत होतो!" मी म्हणालो.

"साक्षीदार?"

"खुर्च्या!"

"आणि मोठे सर," ताई म्हणाली, "पण ते झोपले होते."

४

बैठक प्रयोगशाळेतच भरली. समितीच्या बाई मध्ये, एका बाजूला टायवाले आणि फ्यूज सर, दुसऱ्या बाजूला मोठे सर. ताई उभीच राहिली. बसायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "कुलूप लावणार असाल तर उभ्यानेच बघते."

बैठकीआधी मावशीने मला जिन्याखाली नेऊन सूचना दिली होती. "बल्ब बदलायचा. कॉलर करायची. आणि चुकीची करायची. सगळ्यांसमोर, सावकाश, जमेल तितकी गचाळ." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे माझ्या योग्यतेचं काम सोपवलं होतं.

"आधी डब्यात हिरवा बल्ब परत बसवूया," मावशी म्हणाली. "मग पाणी तपासू. बस रे, कर."

मी बसलो. लाल बल्ब उपसला, हिरवा खोचला, काळा कागद घेतला. कात्री उलटी धरली. मोठ्या सरांच्या खुर्चीतून करकर ऐकू आली. मी पाकळ्या कापल्या, एक जाड, एक बारीक, एक विनाकारण. मोठ्या सरांनी घसा खाकरला. मी कॉलर बल्बभोवती बसवली आणि पहिली पाकळी आत दुमडली.

करकर थांबली.

दुसरी पाकळी आत. फ्यूज सर मान डोलावत होते, बरोबरच होतं त्यांच्या मते. तिसरी आत. मोठ्या सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी टेबलाची कड धरली. चौथी पाकळी मी आत घेतली, बल्बच्या अगदी तोंडासमोर, आणि अंगठ्याने दाबली.

"बाहेर!" मोठे सर ओरडले. "अहो, बाहेर दुमडा! आत दुमडलं की पाकळी बल्बसमोर येते, प्रकाश अडतो! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

मी पाकळीवरचा अंगठा उचलला.

"कुणी सांगितलेलं, सर?" मावशीने फार आदराने विचारलं.

"मॅडमनी. त्या रविवा..." मोठे सर थांबले.

"तुम्ही घोरत होतात."

"घोरताना माणूस ऐकू शकतो."

"ऐकू शकतो. पण पाकळ्यांना दिशा असते हे ऐकून त्याच्या लक्षातही राहतं? डब्याचं तोंड कुठे आणि बूड कुठे ते माहीत नसताना?" मावशी समितीच्या बाईंकडे वळली. "जुन्या डब्याची कॉलर काल सकाळी आत दुमडलेली होती. बल्ब बदलणाऱ्याने नवी बसवली ती बाहेर दुमडून. फ्यूज सर आत दुमडतात, रविवारी ते नव्हतेच. टायवाल्यांना डब्यातून सोडवावं लागतं. बाहेर दुमडायला शिकलेली तीनच मोठी माणसं होती. माझी भाची तुमच्याबरोबर फाटकापाशी होती. भाच्याचं काम तुम्ही आत्ता बघितलंत, एवढी नीटनेटकी कॉलर याला जन्मात जमणार नाही."

"धन्यवाद," मी म्हणालो.

"राहिले सर. काल डबा आपल्या केबिनमध्ये न्यायची घाई त्यांनाच होती, बल्ब परत बदलायला. तुमची पट्टी आडवी आली."

समितीच्या बाईंनी मोठ्या सरांकडे बघितलं. सर उठून उभे राहिले. कोट नीट केला.

"नळ बंद म्हणजे चौकशी," ते म्हणाले. "चौकशी म्हणजे माझी शिक्षणाधिकाऱ्याची बढती गेली. सतरा ठिकाणी उत्तरं देत बसायची. आणि मुलांना अजून काही झालं आहे का? कुणी पडलं आहे का?"

"तुम्ही घरून पाणी आणता," ताई म्हणाली.

एवढंच म्हणाली. मोठ्या सरांनी आपली खुर्ची टेबलाला समांतर लावली.

मग तिने माझी कॉलर काढून फेकली, नवी केली, पाकळ्या बाहेर दुमडल्या आणि झाकण लावलं. आधी डिस्टिल्ड वॉटर. मग नळाचं पाणी, औषध घालून. समितीच्या बाईंनी आकडे वाचले, परत वाचले, आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ही मी आल्यावर इथल्या नळावर भरली होती," त्या म्हणाल्या. "हीपण तपासा."

५

आवारातल्या नळाच्या तोंडाला आता गोणपाट बांधलंय. प्रयोगशाळेला कुलूप लागलं नाही. मुलांसाठी टँकर येतो, तोही मुलं आधी तपासतात. टँकरवाला चिडतो. ताई म्हणते, चिडू दे, चिडण्याने आकडा बदलत नाही.

चौकशी झाली. मोठ्या सरांना शाळेतून तातडीने हलवणं भाग होतं, आणि जागा फक्त वरच रिकामी होती. म्हणून त्यांना वर हलवलं. आता शाळांमध्ये कोणतं शैक्षणिक साहित्य वापरायचं, ते ते ठरवतात. पहिल्याच आठवड्यात ताईचा डबा त्यांनी 'शिकवण्यास अपुरा' असा शेरा मारून 'विचाराधीन' टाकला. विचार होईपर्यंत कुणी वापरू नये.

ताईने तो आदेश वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मग काळा कागद वाटला. आता आसपासच्या घराघरांत साबण उघडा पडलेला असतो. टायवाले परवा चोरून एक डबा घेऊन गेले, म्हणाले, घरच्या टाकीचा संशय येतोय. फ्यूज सर प्रत्येक डब्यावर आपली सही करतात. पाकळ्या अजून आतच दुमडतात, मुलं त्या गुपचूप बाहेर काढतात.

आणि ताईने सांगितलं म्हणून मी एक अर्ज लिहून पाठवला. त्याची पोच मिळाली आहे. अर्ज असा:

प्रति, माननीय शिक्षणाधिकारी यांस. विषय: आपले यश.

महोदय, सदर डबा मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यास अपुरा आहे, असा शेरा आपण मारला आहे. याबाबत नम्रपणे निदर्शनास आणतो की, भाषेच्या माणसास, मागच्या बाकावर, डोळे मिटलेले असताना, एकाच बैठकीत, कोणत्या रंगाचे पाणी कोणता प्रकाश अडवते आणि कोणता सोडते, हे सदर डब्याने इतके पक्के शिकवले की त्यास ते दुसऱ्याच दिवशी अमलात आणावेसे वाटले, परंतु त्याने समितीच्या तारखेपर्यंत धीर धरला. एवढा परिणामकारक दुसरा धडा खात्याच्या दप्तरी नाही. सबब, आपणास या अभ्यासक्रमाचे पहिले उत्तीर्ण विद्यार्थी म्हणून घोषित करावे, आपला निकाल सर्व शाळांच्या फलकांवर लावावा, आणि प्रात्यक्षिकाचा उरलेला भाग म्हणून आपण आमच्या आवारात येऊन, गोणपाट स्वहस्ते सोडून, एक पेला भरून, तो खालून धरून, मुलांसमोर प्यावा, ही विनंती. मंजुरी उलटटपाली कळवावी.